खोलीचा आकडा आणि त्याची तारीख

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडले आणि पुढे कितीतरी दिवस काळवंडलेल्या किनाऱ्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत राहिली. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन मोठ्या बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प होती, आणि त्याचे मोठे कारण पाण्याखाली होते. तरंगणारा कंटेनर दिसतो, त्याला बगल देता येते. बुडालेला कंटेनर जलमार्गात नेमका कुठे बसला आहे, उभा आहे की आडवा, त्याच्या माथ्यावर किती पाणी उरले आहे, हे कळेपर्यंत कोणत्याही कप्तानाने जहाज आत आणू नये. म्हणून सोनार लावून मार्गाचा तळ तपासावा लागला, आणि तो निर्धोक असल्याची खात्री पटत गेली तशी वाहतूक पुन्हा सुरू झाली.

असा बाका प्रसंग आला की जलालेखनाचे, म्हणजे पाण्याखालच्या जमिनीच्या मोजणीचे, महत्त्व कोणालाही पटते. एरवी हे काम नजरेआड राहते. रस्ता खचला तर खड्डा दिसतो, पुलाला तडा गेला तर तोही दिसतो. खाडीचा तळ मीटरभर वर आला तरी वरचे पाणी कालच्यासारखेच दिसते. बंदरे, नद्या आणि किनारे यांना या शास्त्राचा रोजचा उपयोग काय, हे सांगणारे पुस्तक मराठीत येत आहे याचा मला मनापासून आनंद आहे. एवढा मोठा किनारा लाभलेल्या राज्यात हा विषय बहुतेक इंग्रजी अहवालांत आणि निविदांच्या परिशिष्टांत अडकून पडला आहे. प्रकरणांचा गोषवारा मी येथे देत नाही. तो पुस्तकातच वाचावा. वाचायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की व्हावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे. नकाशावर छापलेली खोली ही एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक पातळीपासून, एका ठरावीक साधनाने घेतलेली नोंद असते. दिवस, पातळी आणि साधन यांचा पत्ता नसेल, तर तो आकडा वापरणे धोक्याचे.

पातळीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी सरासरी ४.४२ मीटरपर्यंत चढते आणि उधाणाच्याच ओहोटीला ०.७६ मीटरपर्यंत उतरते. भांगाच्या दिवसांत ही ये-जा बरीच आखडते: वर ३.३० आणि खाली १.८६. हे आकडे ज्या शून्यापासून मोजतात ती नाविक नकाशाची आधारपातळी. ती मुद्दाम खूप खाली धरलेली असते, म्हणजे नकाशात लिहिलेल्या खोलीपेक्षा प्रत्यक्ष पाणी सहसा कमी भरत नाही. भारतीय किनाऱ्यासाठी अशी पातळी कशी काढावी याची रीत एकोणिसाव्या शतकात जॉर्ज डार्विन यांनी बसवून दिली. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे हे पुत्र. जमिनीवरच्या उंचीसाठी मात्र आपण समुद्राची सरासरी पातळी शून्य मानतो, आणि मुंबईत ती नाविक नकाशाच्या शून्याहून २.५१ मीटर वर आहे. रस्ता बांधणाऱ्या अभियंत्याचे शून्य आणि जहाज हाकणाऱ्या कप्तानाचे शून्य यांत पुरुषभर उंचीहून जास्त अंतर पडते ते असे. जेटीच्या आराखड्यात एकाने रस्त्याकडची उंची घेतली, दुसऱ्याने नकाशातली खोली उचलली आणि दोन्ही शून्ये कोणीच जुळवून पाहिली नाहीत, तर कागदावर सगळे बरोबर दिसते आणि ओहोटीला होडी जेटीखाली चिखलात रुतते.

अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली जात आहे. इतकी जुनी आणि लांब नोंद आशियात फार थोड्या ठिकाणी असेल. पण धरमतरच्या किंवा बाणकोटच्या खाडीत वीस किलोमीटर आत गेल्यावर ती जशीच्या तशी लागू पडत नाही. खाडी अरुंद होत जाते तशी भरती कुठे फुगते, कुठे दमते, आणि सगळीकडे उशिरा पोहोचते. म्हणून जिथे मोजणी तिथेच भरती मोजणारी पट्टी रोवायची, तिच्यावर माणूस किंवा यंत्र बसवायचे आणि होडीतून घेतलेली प्रत्येक खोली त्या क्षणाच्या पातळीने दुरुस्त करायची. काम कंटाळवाणे आहे. खर्च कमी करायचा ठरला की पहिली कात्री त्यालाच लागते. अशी कात्री लागलेल्या सर्वेक्षणावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि वाचकानेही ठेवू नये.

आता साधन. कोकणातला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, खोली वाव या मापात सांगतो, आणि दोरीला शिसे बांधून पाणी मोजण्याची पद्धत शतकानुशतके जगभर चालली. विसाव्या शतकात तिची जागा ध्वनीने घेतली. होडीच्या बुडाशी बसवलेले यंत्र खाली आवाज सोडते आणि तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढते. एकाच किरणाचे यंत्र होडीच्या थेट खालची एक रेघ मोजते. दोन रेघांच्या मधला खडक त्याच्या नजरेतून सुटू शकतो. मल्टिबीम यंत्र आडवा पट्टाच्या पट्टा मोजत जाते, आणि साइड स्कॅन सोनार तळाचे चित्र उमटवते, ज्यात बुडालेला कंटेनर, नांगराची साखळी, पाइपलाइन अशा गोष्टी ओळखू येतात. यंत्र कितीही महाग असले तरी त्याला एक गोष्ट माणसाने सांगावी लागते: त्या पाण्यात आवाज किती वेगाने धावतो. गोड्या पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, आपल्याकडच्या उबदार खाऱ्या पाण्यात १५४० मीटरच्या आसपास. पावसाळ्यात खाडीत वर नदीचे गोडे पाणी आणि खाली समुद्राचे खारे पाणी असे थर लागतात. वेग चुकीचा धरला तर पंधरा मीटर खोलीवर चाळीस सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणूनच जुने सर्वेक्षक होडीखाली ठरावीक खोलीवर लोखंडी पट्टी सोडून यंत्र तपासून घेत, आणि आजचे पाण्यात ध्वनिवेग मोजणारे उपकरण उतरवतात.

आपल्या बंदरांत आणखी एक अडचण आहे. अनेक ठिकाणी तळ म्हणजे कठीण जमीन नसून पिठल्यासारखा पातळ गाळ असतो. उच्च वारंवारतेचा आवाज, समजा २१० किलोहर्ट्झचा, त्या गाळाच्या पृष्ठभागावरूनच परततो. ३३ किलोहर्ट्झचा आवाज गाळात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. दोन्ही खोल्या खऱ्याच, मग तळ कोणता धरायचा? रॉटरडॅम बंदराने यावर घनतेची कसोटी लावली: गाळाची घनता घनमीटरला १.२ टन होते तिथपर्यंत जहाजाला जाऊ द्यायचे. गाळ उपसण्याचा खर्च अशाने वाचतो, पण त्यासाठी घनताही नियमाने मोजावी लागते. १९१६ मध्ये सुरू झालेले आणि आता पुण्याजवळ खडकवासल्याला असलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र बंदरांची प्रतिमाने बांधून गाळाचा अभ्यास करत आले आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या या बाजूला बंदरांवर संशोधन चालते हे पुष्कळ पुणेकरांनाही माहीत नसते.

बंदराच्या हिशेबात ही सगळी सूक्ष्मता थेट रुपयांत उतरते. गाळ काढण्याच्या कंत्राटात आधीची मोजणी आणि नंतरची मोजणी यांच्या वजाबाकीवर बिल निघते. एक चौरस किलोमीटर क्षेत्रात दहा सेंटिमीटरची चूक झाली तर एक लाख घनमीटर गाळाचा फरक पडतो, आणि तो काढलेला नसतानाही त्याचे पैसे दिले जाऊ शकतात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या या कामात दोन्ही मोजण्या कंत्राटदाराच्याच माणसाने केल्या असतील, तर त्याला हिशेब म्हणू नये. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेने सर्वेक्षणाचे दर्जे ठरवून दिले आहेत. जिथे जहाजाच्या तळाखाली जेमतेम पाणी उरते अशा ठिकाणी, म्हणजे धक्क्यांजवळ आणि अरुंद मार्गांत, खोलीतली चूक पाव मीटरच्या आसपास राहावी आणि मीटरभर आकाराची वस्तूही सुटू नये, अशी अपेक्षा असते. निविदेत हा दर्जा स्पष्ट लिहिलेला हवा. ‘योग्य ते सर्वेक्षण करावे’ एवढ्या मोघम वाक्याने काही साधत नाही.

जुन्या आकड्यावर विसंबल्याने काय होते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. ७ ऑगस्ट १९९२ रोजी ‘क्वीन एलिझाबेथ-२’ हे प्रवासी जहाज मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ नकाशात नसलेल्या खडकावर घासले. जहाजावर नकाशा होता, अनुभवी पायलट होता. नकाशातली त्या जागेची मोजणी मात्र १९३९ सालची होती. शिवाय उथळ पाण्यात जहाज वेगाने चालले की ते स्थिर असतानापेक्षा आणखी खाली बसते. त्या दिवशी हा परिणामही कमी लेखला गेला. इतके मोठे जहाज, इतका श्रीमंत देश, आणि तरीही त्रेपन्न वर्षांपूर्वीचा आकडा खरा मानून चालले.

समुद्राच्या खडकाळ तळावर त्रेपन्न वर्षे कदाचित खपून जातीलही. नदीत एक पावसाळाही खपत नाही. कोलकाता बंदर समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून जास्त आत, हुगळीच्या काठी आहे, आणि त्या वाटेत वाळूचे एकामागून एक उंचवटे लागतात. तिथले पायलट आणि सर्वेक्षण-नौका यांची सांगड फार जुनी आहे: नौका उंचवट्यांवरचे पाणी पुन्हा पुन्हा मोजत राहतात आणि त्या आकड्यांवर कोणते जहाज कोणत्या भरतीला आत येईल हे ठरते. हुगळीतला गाळ धुऊन निघावा म्हणून १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला. गाळाचा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही आणि मोजणीही थांबलेली नाही. हल्दिया ते प्रयागराज हा १६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक १९८६ मध्ये जाहीर झाला. गंगेचा खोल प्रवाह दर पुरानंतर जागा बदलतो. तो आता कुठून वाहतो हे शोधायचे, त्यावर खुणेचे तराफे लावायचे, आणि बांबूच्या तट्ट्या उभारून प्रवाहालाच आपला मार्ग खोदायला लावायचे, अशी तिथली रीत आहे.

आपल्याजवळचे उदाहरण गोव्याचे. मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा पट्टा पावसाळ्यात वाहतुकीला बंद होतो. खनिज वाहणाऱ्या बार्जेस तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव गाठत. रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल भरती साधून बार्जेसनी जातो. सत्तर मीटर लांब आणि चौदा मीटर रुंद बार्ज दर सेंटिमीटर जादा पाण्यावर सुमारे दहा टन माल जास्त घेऊ शकते. मार्गात तीस सेंटिमीटर पाणी खात्रीचे आहे हे सिद्ध झाले तर एका फेरीत तीनशे टन वाढतात, आणि तेवढे ट्रक रस्त्यावरून कमी होतात. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यांत अंबेबरोबर रेवदंडा-कुंडलिका, राजपुरी, सावित्री-बाणकोट, दाभोळ-वाशिष्ठी, जयगड-शास्त्री या आपल्या खाड्या आहेत. राजपत्रात नाव आले म्हणून खाडीत पाणी वाढत नाही. तिथे नियमित मोजणी झाली, खुणेचे बोये लागले आणि ताजे आकडे बोटवाल्यांना मिळाले, तरच त्या घोषणेला अर्थ आहे.

कोकणातल्या मच्छीमारांसाठी हा प्रश्न जिवाचा आहे. बंदराच्या किंवा खाडीच्या मुखाशी गाळ साचतो, वाट दरवर्षी सरकते, आणि अंधारात, वाऱ्यात परतणारी होडी उथळावर फुटणाऱ्या लाटेत सापडते. गाळ उपसण्याची मागणी मिरकरवाड्यापासून कितीतरी बंदरांत वर्षानुवर्षे होत आली आहे. उपसा करण्यापूर्वी वाळू कुठून येते, कोणत्या ऋतूत येते हे मोजले नाही, तर काढलेला गाळ पुढच्या दोन पावसाळ्यांत परत येऊन बसतो. याच खाड्यांत रेती काढण्याचे परवानेही दिले जातात. हातपाटीने डुबी मारून काढलेली रेती आणि सक्शन पंपाने ओढलेली रेती यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. खाडीचा तळ किती खाली गेला, काठ कुठे ढासळू लागला, याचे उत्तर आधीच्या आणि नंतरच्या मोजणीतूनच मिळते. महसुलाच्या नोंदवहीत ते सापडत नाही.

किनाऱ्याच्या बाबतीत लोक समुद्राने जमीन गिळल्याचे बोलतात. भिंत बांधा, दगड टाका, ही मागणी समजण्यासारखी आहे. ज्याच्या माडाची मुळे उघडी पडली त्याला थांबायला वेळ नसतो. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील बदल तपासले तेव्हा देशाच्या मुख्य किनाऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग झिजत असल्याचे आढळले, आणि पाव भागाहून थोडा जास्त वाढत असल्याचेही. वाळू एका जागी घटते तेव्हा ती दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसते. समोरचा तळ आणि प्रवाह मोजल्याशिवाय घातलेली भिंत पुष्कळदा शेजारच्या गावाची वाळू अडवते. ज्या किनाऱ्यावर आज भिंतीची मागणी आहे तिथे निदान दोन ऋतूंची तळमोजणी आधी करावी, एवढा आग्रह मी धरीन.

खोली एका सकाळीत कशी बदलते हे २६ डिसेंबर २००४ ने दाखवले. त्या भूकंपात ग्रेट निकोबारचे टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून अधिक खचले, आणि उत्तर अंदमानात काही किनारे वर उचलले गेले. भोवतालचे जुने आकडे त्या क्षणी बाद झाले. नौदलाची ‘जमुना’ आणि ‘निरूपक’ ही सर्वेक्षण जहाजे तेव्हा रुग्णालये बनून श्रीलंका आणि इंडोनेशियाकडे गेली. या जहाजांचा हा दुसरा उपयोग फारसा कोणाला ठाऊक नाही.

या कामाची परंपरा आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बॉम्बे मरीनचे जॉन मॅक्लुअर यांनी पश्चिम किनाऱ्याचे सर्वेक्षण केले. १८७४ मध्ये कोलकात्यात सागरी सर्वेक्षण खाते निघाले. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, कार्यालय डेहराडूनला गेले आणि आज ते राष्ट्रीय जलालेखन कार्यालय म्हणून ओळखले जाते. प्रशिक्षणाची राष्ट्रीय संस्था गोव्यात आहे. कोलकात्यात बांधलेले नवे सर्वेक्षण जहाज ‘संध्याक’ ३ फेब्रुवारी २०२४ रोजी नौदलात दाखल झाले. मोठ्या बंदरांचे नकाशे आपल्याकडे उत्तम आहेत. उणीव आहे ती लहान बंदरांत आणि खाड्यांत, आणि त्याहून मोठी उणीव आहे ती मोजलेले आकडे लोकांपर्यंत न पोहोचण्याची.

वरळीच्या कोळीवाड्यातील मच्छीमारांनी सागरी किनारा मार्गाच्या पुलाखाली दोन खांबांमध्ये जास्त अंतर मागितले, तेव्हा त्यांच्या हातात मल्टिबीमचा नकाशा नव्हता. खडक कुठे आहेत, प्रवाह होडीला कुठे ओढतो, हे त्यांना रोजच्या येण्याजाण्यातून माहीत होते. दीर्घ वादानंतर १२० मीटरचा गाळा मान्य झाला. वाढवणला किनाऱ्याजवळ वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, हा तिथल्या बंदराच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा मांडला जातो. त्याच खडकाळ तळावर मासळी वाढते, हे तिथले मच्छीमार सांगतात. तळाची मोजणी नीट केली तर ती दोन्ही बाजूंना उपयोगी पडते, कारण खोलीबरोबर तळ खडकाचा आहे, वाळूचा आहे की चिखलाचा, हेही तिच्यात नोंदलेले असते. ती नोंद एकाच पक्षाच्या कपाटात राहू नये.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाला, मग तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो, मच्छीमार सोसायटीचा सचिव असो की किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीचा सदस्य, माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात जेटी मंजूर होईल, गाळ उपसण्याचे काम निघेल, रेतीचा लिलाव होईल, तेव्हा सर्वेक्षणाचा नकाशा मागा. त्यावर मोजणीची तारीख, आधारपातळी आणि यंत्राचे नाव आहे का ते पाहा. तो नकाशा गावातल्या तांडेलांसमोर पसरा, त्यांना वाट दाखवायला सांगा, आणि त्यांचे बोट नकाशावरच्या खोलीशी जुळत नसेल तर मोजणी पुन्हा करायला लावा.